दोन कप कॉफी

लसूण सोलता सोलता आईने मान वर केली. "हा रोज तिच्यासाठी कॉफी आणतो आणि ती अजून याला आडनावानेच हाक मारते?"

टीव्हीवर 'कॅसल' ही अमेरिकी मालिका लावली होती. न्यूयॉर्क पोलिसांतली बेकेट आणि तिच्या मागे लागलेला तो रहस्यकथा लेखक, कॅसल. खुनी कोण, याच्याशी आईला घेणंदेणं नाही. तिचं लक्ष त्या दोन कपांवर. समोर प्रेत पडलंय, हा कप पुढे करतो, ती घेते. "बघितलंस? तो आणणार हे तिला ठाऊक असतं."

मी शहाणपणा केला. म्हटलं, अगं, यांना एकत्र आणलं की मालिका बसते. 'मूनलायटिंग' या जुन्या अमेरिकी मालिकेचं तेच झालं. १९८७ मध्ये त्यातली जोडी, मॅडी आणि डेव्हिड, जवळ आले, १९८९ मध्ये गाशा गुंडाळला. (खरं तर मॅडी झालेल्या सिबिल शेफर्डला जुळं होणार होतं, डेव्हिड झालेला ब्रूस विलिस 'डाय हार्ड' सिनेमात अडकला होता, वर १९८८ चा लेखकांचा संप. खापर मात्र प्रेमावर!) उलट कॅसल-बेकेट २०१२ मध्ये एकत्र आले, तरी मालिका २०१६ पर्यंत चाललीच की.

आईने सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे एकत्र आल्यावर भांडणं संपतात, असं वाटतं का गं तुम्हाला?"

तेवढ्यात बाबा दोन कप चहा घेऊन आले. एक लसणाच्या ताटाशेजारी ठेवला. तिने न बघताच उचलला, घोट घेतला.

"साखर कमी आहे."

"मग उद्यापासून तूच कर."