पासपोर्टवर ‘टी’, मग तिकिटावर काय?

ऑक्टोबर २०२४ मध्ये मेलबर्नहून माझ्या धाकट्या बहिणीचा फोन आला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिचे बाळंतपण होते. आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाल्यामुळे आईचे जाणे शक्य नव्हते. “मग तूच ये, दोन महिने तरी राहा,” असे ती म्हणाली आणि मी लगेच होकार दिला. फोन ठेवल्यावर मात्र मनात आले की नव्या पासपोर्टवर हा माझा पहिलाच परदेश प्रवास असणार, आणि त्या पासपोर्टवर लिंगाच्या रकान्यात ‘एम’ नाही, ‘एफ’ही नाही, ‘टी’ (म्हणजे ट्रान्सजेंडर) हे अक्षर छापलेले आहे.

हे ‘टी’ कसे आले, ते थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. मी स्वतःला पुरुषही मानत नाही आणि स्त्रीही मानत नाही. ‘तृतीयपंथी’ या शब्दामागे जो समाज, जी गुरुपरंपरा उभी आहे, तिच्यात माझे आयुष्य गेलेले नाही. पण २०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती हक्क संरक्षण कायद्यातील तेव्हाच्या व्याख्येत ‘जेंडरक्वीअर’, म्हणजे स्त्री-पुरुष या दोन चौकटींत न बसणाऱ्या, व्यक्तींचाही समावेश होता, त्यामुळे त्या कायद्याचा आधार मला घेता आला. हा कायदा १० जानेवारी २०२० पासून लागू झाला आणि त्याचे नियम त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आले. त्या नियमांप्रमाणे राष्ट्रीय पोर्टलवर अर्ज आणि प्रतिज्ञापत्र भरून, कोणत्याही वैद्यकीय तपासणीशिवाय, मला जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळख प्रमाणपत्र मिळाले. त्याच्या आधारे आधी आधार, मग पॅन आणि शेवटी पासपोर्ट बदलून घेतला. पासपोर्टच्या अर्जात तिसरा पर्याय असतोच, त्यामुळे ३६ पानी पासपोर्टचे नेहमीचे १५०० रुपये भरून आणि पोलीस पडताळणी होऊन तो एरवीसारखाच घरपोच आला. माझी समजूत अशी की अवघड भाग इथेच संपला.

व्हिसाचे काम तर अपेक्षेपेक्षा सोपे निघाले. ऑस्ट्रेलियाच्या पर्यटक व्हिसाच्या ऑनलाइन अर्जात लिंगाच्या प्रश्नाखाली ‘इतर’ हा पर्याय होता. त्या देशाला हा विषय नवा नाही. तिथे २००३ सालीच पासपोर्टवर लिंगाच्या रकान्यात ‘एक्स’, म्हणजे अनिर्दिष्ट, ही नोंद देण्यात आली होती आणि २०११ पासून ती मिळण्याची पद्धत सोपी झाली. नॉरी या व्यक्तीच्या खटल्यात, लिंगाची नोंद ‘अनिर्दिष्ट’ अशी ठेवता येते, हा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २ एप्रिल २०१४ रोजी लागला. तृतीयपंथीयांना तिसरे लिंग म्हणून मान्यता देणारा आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा नालसा निकाल आला १५ एप्रिल २०१४ रोजी, म्हणजे बरोबर तेरा दिवसांनी. अर्ज भरताना हा योगायोग आठवून मला उगाचच बरे वाटले. व्हिसा इलेक्ट्रॉनिक असतो. पासपोर्टवर काहीही चिकटवत नाहीत, तो पासपोर्ट क्रमांकाशी जोडलेला असतो. या गोष्टीचे महत्त्व पुढे विमानतळावर कळणार होते.

मार्ग निवडताना एक काळजी घेतली. कॅनडाचे सरकार ‘एक्स’ नोंद असलेल्या आपल्या नागरिकांना स्वतःच सांगते की दुसऱ्या देशात प्रवेश मिळेल किंवा तिथून पुढचे विमान पकडता येईल, याची हमी देता येत नाही. हे वाचल्यावर, मध्ये आणखी एक देश नकोच, असे ठरवून पुणे-दिल्ली-मेलबर्न असा, दिल्लीहून थेट जाणारा मार्ग निवडला. तिकीट थोडे महाग होते, पण तिसऱ्या देशाच्या संगणकाला काय वाटेल, हा प्रश्न तरी मिटला.

आता मूळ विषय, तिकीट. विमान कंपनीच्या संकेतस्थळावर नावाच्या आधी संबोधनाची चौकट होती आणि तिच्यात तीनच पर्याय: मिस्टर, मिसेस, मिस. ती रिकामी ठेवून पुढे जाता येत नव्हते. मी त्यातला एक निवडला. कोणता ते सांगत नाही, कारण तिन्ही सारखेच चुकीचे होते. पैसे भरले, तिकीट आले, आणि मग पासपोर्टचा तपशील भरण्याचे पान उघडले. तिथे लिंगाचा रकाना संबोधनावरून आपोआप भरला गेलेला आणि करड्या रंगात गोठलेला होता. त्यावर क्लिक केले तरी काही होत नव्हते.

इथे एक गंमत नोंदवून ठेवणे भाग आहे. मराठीही हाच प्रश्न विचारते. ‘मी जाईन’ म्हणताना ती काही विचारत नाही, ‘मी तिकीट काढले’ म्हणतानाही नाही. पण जाऊन आल्यावर तेच सांगायचे म्हटले की क्रियापदाच्या शेवटी ‘ओ’ की ‘ए’ हे ठरवल्याशिवाय वाक्य पुरे होत नाही. इतक्या वर्षांत त्यातून वाट काढण्याची सवय झाली आहे आणि हा लेखही त्याच सवयीने लिहिलेला आहे. भाषेत निदान वाक्य वळवता येते. गोठलेला रकाना वळवता येत नाही.

ग्राहक सेवा केंद्राला तीन फोन केले. पहिल्या फोनवर आधी ‘सर’, मग ‘मॅडम’, मग पुन्हा ‘सर’ असे होत अखेर “आपण” वर गाडी थांबली, आणि उत्तर आले की चेक-इनच्या वेळी बघू. दुसऱ्या फोनवर मला शांतपणे सुचवण्यात आले की पासपोर्टच बदलून घ्या. तिसऱ्या फोनवरच्या मुलीने मात्र प्रामाणिकपणे सांगितले की संबोधन आणि लिंग हे त्यांच्या साइटवर एकमेकांना बांधलेले आहेत, तिच्या पडद्यावरही तेच दिसते, आणि ते सोडवण्याचा अधिकार तिच्याकडे नाही. “रद्द करून ट्रॅव्हल एजंटकडून काढून बघा,” हा सल्ला तिचाच. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या त्या वेळच्या नियमाप्रमाणे, प्रवास किमान सात दिवस दूर असेल, तर तिकीट काढल्यापासून पहिल्या २४ तासांत ते रद्द करण्याचे शुल्क लागत नव्हते. माझ्या २४ तासांपैकी जेमतेम दोन उरले होते. तिकीट रद्द केले. पैसे अकरा दिवसांनी परत आले, पण पूर्ण आले.

आमच्या पेठेत जिन्याखालच्या दुकानात एक तिकीट एजंट बसतात. वय साठीच्या पुढे. आमच्या घरच्या सगळ्या तिकिटांची कामे वीस वर्षे त्यांच्याकडेच होती; मोबाइल आल्यापासून आमचे जाणे थांबले होते. मी पासपोर्ट त्यांच्यापुढे उघडून ठेवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून ते पान डोळ्यांजवळ धरले, ‘टी’ पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि “चहा घेणार ना?” एवढेच विचारले. मग त्यांनी आरक्षण प्रणाली उघडली. आपल्याला दिसणारी रंगीत साइट तिथे नसते. तिथे नुसत्या ओळी असतात, आणि प्रत्येक ओळीला ठरलेली रचना असते.

तिथे मला जे समजले ते माझ्या मते या सगळ्या अनुभवातले सर्वांत उपयोगाचे ज्ञान आहे. तिकिटावर नावाच्या शेवटी जे ‘एमआर’ किंवा ‘एमएस’ चिकटलेले असते ते नुसते संबोधन असते. पासपोर्टशी जुळायला हवे ते आडनाव आणि नाव. लिंगाची नोंद तिकिटात नसतेच. ती वेगळ्या ओळीत असते, जिला एजंट मंडळी ‘डॉक्स’ म्हणतात. या ओळीत कागदपत्राचा प्रकार, तो देणारा देश, क्रमांक, नागरिकत्व, जन्मतारीख, लिंग, मुदत संपण्याची तारीख, आडनाव आणि नाव असा क्रम असतो आणि प्रत्येक दोन गोष्टींमध्ये तिरकी रेघ असते. हीच माहिती पुढे त्या देशाच्या सीमा यंत्रणेकडे जाते. साइटवर या दोन वेगळ्या गोष्टींची गाठ मारून ठेवलेली असते, एवढेच.

एजंटांनी ओळ टाइप केली. लिंगाच्या जागी पासपोर्टवर आहे तसे ‘टी’ घातले. प्रणालीने ओळ परत केली: रचना अवैध. त्यांनी पुन्हा टाइप केली, पुन्हा तेच. मग मी घरून वाचून नेलेली गोष्ट त्यांना सांगितली. पासपोर्टसंबंधीच्या आंतरराष्ट्रीय मानकात लिंगासाठी ‘एम’, ‘एफ’ आणि अनिर्दिष्टासाठी ‘एक्स’ एवढीच अक्षरे आहेत. ‘टी’ हे आपले, भारताचे अक्षर. विमान कंपन्यांनीही १ जून २०१९ पासून आपल्या मानकात ‘एक्स’ म्हणजे अनिर्दिष्ट आणि ‘यू’ म्हणजे सांगितलेले नाही, अशी दोन अक्षरे घेतली. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेच्या युनायटेड एअरलाइन्सने तिकीट काढताना हे पर्याय द्यायला सुरुवात केली होती. ‘यू’ मला चालणार नव्हते. माझ्या पासपोर्टवर नोंद आहे, ती लपवलेली नाही. राहिले ‘एक्स’.

“पस्तीस वर्षांत हे अक्षर इथे टाकलेले नाही,” असे म्हणून त्यांनी ‘एम’ किंवा ‘एफ’ च्या जागी ‘एक्स’ दाबले आणि एंटर केले. ओळ स्वीकारली गेली. काही क्षणांनी तिच्यापुढे ‘एचके’ ही अक्षरे आली. म्हणजे विमान कंपनीकडून पुष्टी. संबोधन न घालता नुसते नाव टाकले, तेही चालले. त्यांनी त्या ओळीची छापील प्रत काढून दिली, सेवाशुल्काचे ५०० रुपये घेतले आणि चहाचे पैसे मात्र देऊ दिले नाहीत. एक गोष्ट इथे मनात येतेच. रेल्वेच्या तिकिटाच्या अर्जावर २०१६ पासून हा तिसरा पर्याय आहे. म्हणजे पुणे-सोलापूर प्रवासासाठी माझ्याजवळ रकाना होता. नव्हता तो विमानासाठी.

२६ नोव्हेंबरला पहाटे पुण्याच्या लोहगाव विमानतळावर पोहोचण्यासाठी घर सोडले. पिशवीत पासपोर्ट, ओळख प्रमाणपत्र, व्हिसाचे पत्र, ती छापील ओळ, आणि आईने काठी टेकत केलेले डिंकाचे लाडू. काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट यंत्रातून सरकवला. ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्या प्रत्येक प्रवाशाची माहिती चेक-इनच्या क्षणीच तिथल्या यंत्रणेकडे जाते, पासपोर्ट क्रमांकावर व्हिसा आहे का ते तपासले जाते आणि विमानात घ्यायचे की नाही याचे उत्तर लगेच परत येते. ते उत्तर येईना. तिने दुसऱ्यांदा पासपोर्ट सरकवला, मग पर्यवेक्षकांना बोलावले. त्यांनी विचारले, “यांचे मेल करायचे की फीमेल?” प्रश्न तिला होता, पण मी छापील ओळ पुढे केली आणि ‘एक्स’ वर बोट ठेवले. त्यांनी ओळ वाचली, पडद्यावरचा रकाना उघडला, बाणाने खाली खाली जात शेवटच्या पर्यायावर थांबले. पडद्याचा कोन असा की मला फक्त त्यांच्या चष्म्यात उमटलेले हिरवे अक्षर दिसत होते. उत्तर आले. ‘ओके टू बोर्ड’ हे शब्द त्यांनी मोठ्याने वाचले, आणि मागच्या रांगेतल्या काही लोकांनी कारण न कळताच मान डोलावली. सगळे मिळून अकरा मिनिटे लागली.

सुरक्षा तपासणीत दोनच रांगा होत्या. तिथल्या महिला जवानाने, “कुणी तपासलेले चालेल?” असे हळू आवाजात विचारले आणि माझे उत्तर ऐकून तसे केले, याबद्दल आणखी काही सांगण्यासारखे नाही. दिल्लीत इमिग्रेशनच्या अधिकाऱ्यांनी जुना पासपोर्टही मागितला. तो जवळ होता म्हणून निभावले. जुन्या आणि नव्या पासपोर्टवर वेगवेगळी अक्षरे असतील, तर जुना, रद्द शिक्क्याचा पासपोर्ट आणि ओळख प्रमाणपत्र हातातल्या पिशवीत ठेवावे, मोठ्या बॅगेत नव्हे, हे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

मेलबर्नच्या विमानतळावर इमिग्रेशनच्या खिडकीत मी प्रमाणपत्र काढून तयार ठेवले होते. अधिकाऱ्याने त्याकडे पाहिलेही नाही. किती दिवस राहणार, कुणाकडे राहणार, एवढे विचारून पासपोर्ट परत दिला. खरी चौकशी झाली ती पुढे, खाद्यपदार्थांच्या तपासणीत. लाडूंची नोंद मी प्रवाशांनी भरायच्या कार्डावर केली होती. डिंक म्हणजे नेमके काय, तो कुठल्या झाडाचा, त्यात दूध आहे का, तूप म्हणजे दूध नव्हे का, यावर आमची बराच वेळ चर्चा झाली. आळीव बी असल्यामुळे ते आणायचे नाही, हे बहिणीने आधीच बजावले होते, म्हणून तेवढे वाचले. लाडू सुटले.

परतीच्या प्रवासात त्याच ओळीने काम भागले. मेलबर्नच्या काउंटरवर कुणालाही बोलवावे लागले नाही. फक्त सामान दोन किलो जास्त भरले, तेव्हा बाळाच्या जुन्या कपड्यांची एक पिशवी बहिणीकडे परत गेली.

फेब्रुवारीत एजंटांचा फोन आला. कोथरूडहून कुणीतरी आले होते, पासपोर्टवर तेच अक्षर, जायचे होते बँकॉकला. “ती तुमची ओळ मी कुठे लिहून ठेवली नाही हो,” ते म्हणाले, “तुमच्याकडे कागद असेल तर फोटो पाठवता का?” कागदावर चहाचा डाग पडला होता, पण अक्षरे वाचता येत होती. माझा पासपोर्ट क्रमांक आणि जन्मतारीख बोटाने झाकून फोटो काढला आणि पाठवला.