मावशीचा प्रश्न आणि व्हेपची वाफ

"तो पियेल व्हता का रे? खरं सांग." अमळनेरहून मावशीचा फोन. तिकडे पहाट होती आणि तिला रात्रभर झोप नव्हती.

झालं असं. मी आणि माझा मावसभाऊ शनिवारी इथे स्कॉटलंडमध्ये एडिंबराहून ग्लासगोला परतत होतो. एका चोपड्याच्या मित्राकडे भरीत झालं होतं, दारूचा थेंबही नव्हता. भाऊ गाडी चालवत होता आणि वाटभर व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, ओढत होता. गाडीचा एक दिवा बंद होता, म्हणून पोलिसांनी थांबवलं. काच खाली करताच गोड वासाची वाफ बाहेर पडली. शेवटचा झुरका कधी घेतलास, असं त्यांनी विचारलं. भावाने खरं सांगितलं, "आत्ताच." त्यांनी आम्हाला तिथेच वीसेक मिनिटं थांबवलं, मग श्वासातली दारू मोजणाऱ्या यंत्राच्या नळीत फुंकायला लावलं. शून्य. पण तेवढ्यात घाबरून त्याने पोलिसांनी थांबवल्याचा निरोप घरच्या ग्रुपवर टाकला होता.

थांबवण्यामागे कारण आहे. व्हेपच्या काही द्रवांत स्वाद विरघळवायला इथेनॉल असतं, म्हणजे दारूतलंच अल्कोहोल. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठात ५६ द्रव तपासले, तेव्हा त्यातल्या अनेकांत ते सापडलं. झुरका घेतला की ते थोडा वेळ तोंडात रेंगाळतं. यंत्राला मोजायची असते फुप्फुसाच्या तळातून येणारी हवा, कारण तिच्यातलं अल्कोहोलचं प्रमाण रक्तातल्याशी जुळतं. तोंडातलं अल्कोहोल मध्ये मिसळलं की आकडा फुगतो. भरितासोबत कच्चा कांदा खाल्ल्यावर तोंडाला वास येतो, तसंच हे. फरक इतकाच की हा अंश काही मिनिटांतच निघून जातो. प्यायलेल्या माणसाचा आकडा मात्र थांबल्याने शून्यावर येत नाही, म्हणून व्हेपची सबब त्याच्या कामी येणार नाही.

इथली मर्यादा कडक आहे. श्वासाच्या १०० मिलिलीटरमागे स्कॉटलंडमध्ये २२ मायक्रोग्रॅम, इंग्लंडमध्ये ३५. रक्तात मोजलं तर स्कॉटलंडची मर्यादा ५० मिलिग्रॅम होते, आणि आपल्या भारतात ३०! म्हणजे जळगाव-धुळ्याच्या रस्त्यावरचा कायदा इथल्याहून कडक आहे, हे मलाही उशिरा कळलं.

खानदेशातल्या आईवडिलांना एक सांगतो. मुलाने रस्त्यावरच्या यंत्रात आकडा आल्याचं कळवलं तर लगेच त्याला दारुडा ठरवू नका. इथे शिक्षेला ते यंत्र पुरत नाही. पोलीस ठाण्यात मोठ्या यंत्रावर दोनदा फुंकायला लावतात आणि त्यातला कमी आकडा धरतात. आणि इकडे येणाऱ्या पोरांनो, गाडीत व्हेप ओढलाच असेल तर पोलिसांनी विचारण्याआधीच सांगा. खरं तर ओढूच नका. आपल्याकडे २०१९ पासून त्याच्या विक्रीवर बंदी आहे. इथे आलं की पोरं पहिल्या महिन्यातच तो हातात धरतात, आणि निकोटिन मग सोडत नाही. भावाचं तेच झालंय, म्हणून जीव तुटतो.

मावशीला सगळं समजावलं. ती जरा शांत झाली, मग म्हणाली, "हाऊ व्हेप काय शे?"

त्याचं उत्तर भावानेच द्यावं, असं मी त्याला सांगितलंय. रविवारी तो तिला फोन करणार आहे.