जिभाऊंनी ओटीपी सांगितलाच नव्हता

हे लिहू की नको असं दोन आठवडे चाललं होतं, कारण यात माझीपण चूक आहे आणि ती बऱ्यापैकी मोठी आहे. पण गावच्या ग्रुपवर परवा परत तोच फॉरवर्ड आला, "ओटीपी कोणालाही सांगू नका", खाली पन्नास जणांचे हात जोडलेले, म्हटलं आता लिहूनच टाकतो.

आमचे जिभाऊ, म्हणजे माझे मोठे काका, पारोळा तालुक्यात असतात. कापूसवाले. यंदा भाव वाढेल म्हणून मार्चपर्यंत कापूस घरात भरून ठेवला होता, पुढच्या खोलीत पार छतापर्यंत, घरातले सगळे अंग खाजवत बसलेले. शेवटी विकला. पैसे खात्यात आले आणि आठवड्याभरात संध्याकाळी मोबाईलवर मेसेज, मागच्या महिन्याचं बिल अपडेट झालेलं नाही, आज रात्री साडेनऊला लाईट कापली जाईल, ताबडतोब या नंबरवर अधिकाऱ्याशी बोला. आता जिभाऊ म्हणजे लाईट बिल तारखेच्या चार दिवस आधी भरणारा माणूस, पावती खिळ्याला टोचून ठेवणारा. त्यांना राग आला. रागातच त्यांनी त्या नंबरला फोन लावला, भांडायला!

समोरचा अगदी गोड. "साहेब तुमचं बिल भरलेलं दिसतंय, फक्त सिस्टीममध्ये अपडेट नाही, दहा रुपये भरून अपडेट करून देतो." मग विचारलं, तुमच्या फोनमध्ये सपोर्टचं ॲप आहे का. आणि जिभाऊ म्हणाले, हो आहे ना, पुतण्यानं टाकून दिलंय.

तो पुतण्या मी.

दिवाळीला सुट्टी मिळाली नव्हती, पीएम किसानची ई-केवायसी अडकलेली, म्हणून मी पुण्यातून त्यांच्या फोनमध्ये रिमोटचं ॲप टाकायला लावलं, स्क्रीनवरचा नंबर विचारला, 'अलाऊ' दाबायला सांगितलं आणि बसल्या बसल्या काम करून दिलं. काकू तर म्हणे घरात बसून पोरगं पुण्याहून फोन चालवतंय, काय जमाना आलाय. काम झाल्यावर ॲप काढून टाकायला सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे काय, डोक्यातच आलं नाही. मी स्वतः आयटीत आहे हे वेगळं सांगायला नको.

तर त्या माणसानं नंबर विचारला, जिभाऊंनी वाचून दाखवला, अलाऊ दाबलं. त्यांच्यासाठी हे सगळं ओळखीचं होतं. मग एक लिंक आली, त्यात ग्राहक क्रमांक, नाव, कार्डाचा नंबर, मागचे तीन आकडे, दहा रुपये. भरलं. त्यानंतर तो म्हणाला सर्व्हर अपडेट होतोय, दोन तास फोनला हात लावू नका, पालथा ठेवून द्या. जिभाऊंनी ठेवला पालथा आणि शेवभाजी खायला बसले.

दहाच्या सुमारास दादाने सहज फोन उचलला तर ४९ हजार आणि २५ हजार गेल्याचे मेसेज.

मला फोन आला तेव्हा जिभाऊंचं पहिलं वाक्य, "मायनी आन, मी कोनले ओटीपी सांगाच नही." आणि ते खरं होतं. त्याने एकदाही ओटीपी मागितला नाही. मागायची गरजच नव्हती, मेसेज स्क्रीनवर आला की तो तिकडे बसून वाचत होता. त्यांना हे काही केल्या पटेना, मग मी म्हटलं जिभाऊ, व्यापारी कापूस मोजतो तेव्हा तुम्ही त्याला वजन विचारता का? तुम्ही काट्यावर बघता ना? तसंच. ते एकदम गप्प झाले. मग हळूच म्हणाले, "तू बी तर असंच करेल व्हतं ना दिवाईले." यावर मी काय बोलणार.

म्हणून माझं म्हणणं आहे की 'ओटीपी सांगू नका' हे वाक्य आता अर्धंच उरलंय. ते पाळूनसुद्धा माणूस लुटला जातो, वर आपण नियम पाळतोय म्हणून निर्धास्त असतो. फोनवरचा अनोळखी माणूस एखादं ॲप टाका किंवा उघडा म्हणाला की फोन कट, मग तो बँकेचा असो, लाईटचा असो, गॅसचा असो. ऐनीडेस्क, टीमव्ह्यूअर ही रिमोटची ॲप वाईट नाहीत, आमच्या ऑफिसात रोज वापरतो, प्ले स्टोअरवर उघड मिळतात, म्हणूनच तर फसवणारे ती वापरतात, लोकांना वाटतं स्टोअरवरचं आहे म्हणजे सुरक्षित. रिझर्व्ह बँकेने ऐनीडेस्कच्या अशा वापराबद्दल बँकांना २०१९ च्या फेब्रुवारीतच सावध केलं होतं. बरेचदा अँड्रॉइडवर आधी नुसती स्क्रीन दिसते, लांबून फोन चालवायला वेगळं प्लगइन (जोडीचं छोटं ॲप) आणि ॲक्सेसिबिलिटीची, म्हणजे ॲपला फोन चालवू द्यायची, परवानगी लागते, पण इथे नुसतं दिसणंच पुरलं. काही बँकांची ॲप शेअर केलेल्या स्क्रीनवर काळी दिसतात, हे खरंय, पण वरून टपकणारा एसएमएस काळा होत नव्हता, आणि कार्डाचे आकडे तर जिभाऊंनी त्यांच्याच पानावर टाकले होते.

आता त्या रात्री मी काय केलं ते. पहिलं काम चुकीचं केलं. घाबरून म्हटलं, बँकेचं ॲप उघडून बॅलन्स बघा. रिमोट अजून चालूच! वर एक छोटं चिन्ह दिसत होतं ते दादाने सांगितलं तेव्हा माझी ट्यूब पेटली. मग म्हटलं आधी फ्लाईट मोड टाका, वायफायपण बंद आहे ना बघा. नेट गेलं की तो बाहेर. ॲप काढणं वगैरे नंतर. मग दादाच्या फोनवरून बँकेला सांगून कार्ड बंद, खात्यावर रोक लावली, आणि लगेच १९३०, म्हणजे सायबर फसवणुकीच्या तक्रारीची हेल्पलाइन. हा नंबर आधी १५५२६० होता, २०२१ ला सुरू झाला तेव्हा, कोणाच्या डायरीत जुना असेल तर खोडा. तिथे खाते क्रमांक, व्यवहाराचा नंबर, वेळ आणि रक्कम विचारतात, ते हाताशी ठेवूनच फोन लावा. पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला निरोप जातो आणि तिथे जे उरलं असेल ते थांबवतात, म्हणून सकाळी बघू असं करायचं नाही, सकाळपर्यंत ते पैसे चार खाती फिरलेले असतात. मग सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इनवर तक्रार टाकली, स्क्रीनशॉट, सगळं.

२५ पैकी २१ हजार थांबले. ४९ गेले. थांबलेलेपण लगेच हातात येत नाहीत, त्याची कागदपत्रं चालू आहेत. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ ला परिपत्रक काढलं होतं, त्यात असं की चूक ना तुमची ना बँकेची असेल आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर तुमचं नुकसान शून्य. पण माहिती तुम्ही स्वतः दिली असेल तर बँकेला कळवेपर्यंतचा तोटा तुमचा, कळवल्यानंतरचा बँकेचा. आमचं दुसऱ्यात बसलं.

दुसऱ्या दिवशी दादाने फोन उलटापालटा केला. रिमोट ॲप काढलं, ॲक्सेसिबिलिटीत काही चालू आहे का पाहिलं, स्टार हॅश एकवीस हॅश करून कॉल दुसरीकडे वळवलेत का बघितलं (वळवले असतील तर हॅश हॅश शून्य शून्य दोन हॅशने बंद होतात), पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदलले. एक 'लग्नपत्रिका' नावाची एपीके (ॲप टाकायची) फाईलपण व्हॉट्सॲपवर पडलेली सापडली, नशीब उघडलेली नव्हती. पत्रिका कधी ॲप बनून येते का हो? लग्नाला बोलवायचं तर फोटो पाठवतील.

महावितरणचा खरा मेसेज महावितरणच्या नावाच्या आयडीवरून येतो, दहा आकडी मोबाईल नंबरवरून नाही, हे जिभाऊंनी आता पाठ केलंय आणि ओट्यावर बसलेल्या प्रत्येकाला ऐकवतात, मात्र स्वतःचे पैसे गेले हे सोडून. लाजतात. चार शिव्या त्या फसवणाऱ्याला पडायच्या तर लोक म्हणतात म्हातारा येडा झाला, त्यामुळे मीपण गावाचं नाव लिहिलेलं नाही.

परवा पीएम किसानचं परत काहीतरी अडकलं. मी म्हटलं व्हिडिओ कॉल लावा, बघतो, ॲप नको. तर म्हणाले, "राहू दे. आखाजीले ये, तवय पाहू."

अक्षय्य तृतीयेचं तिकीट काढलंय.