ई-इंक रीडर घेण्याआधी आपल्या मराठी पीडीएफ तपासा

ई-इंक रीडर, म्हणजे कागदासारख्या पडद्याचं ई-पुस्तकं वाचायचं यंत्र, निवडताना किंमत, दिवा, बॅटरी हे सगळं पटकन ठरलं. अडलं ते मराठी पीडीएफपाशी. विकणारे पिक्सेल मोजून दाखवतात, पण हा मुद्दा कुणी काढत नाही, याचा मला अजून राग आहे.

बऱ्याच जुन्या मराठी पीडीएफ युनिकोड ही आजची सर्वत्र चालणारी अक्षरपद्धत येण्याआधीच्या डीटीपी (संगणकावर छपाईची पानं मांडायच्या) फॉन्टमध्ये केलेल्या असतात. त्यांत देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. पान नीट दिसतं, पण आतला मजकूर म्हणजे नुसती चिन्हं. त्यामुळे अशी फाइल किंडलसाठी किंवा कॅलिबर या ई-पुस्तकांच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये रूपांतरित केली की हाती कचरा येतो. अक्षर मोठं करायची सोय, जिच्यासाठी आपण रीडर घेतो, तीच निकामी होते.

म्हणून खरेदीआधी संगणकावर एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. स्वच्छ मराठी आलं तर उत्तम. वेलांट्या सरकलेल्या दिसल्या तर रूपांतरातही तशाच सरकतील. रोमन गिचमिड आली, तर जुना फॉन्ट. काही निवडताच आलं नाही, तर ते स्कॅन आहे. शेवटच्या दोन प्रकारांत पान चित्र म्हणूनच वाचावं लागतं आणि मग पडद्याचं माप निर्णायक ठरतं.

डेमी, म्हणजे नेहमीच्या पुस्तकाच्या मापाचं, पान साधारण १४ × २१.६ सेंमी, तर ६ इंची पडदा ९ × १२ सेंमी. अख्खं पान त्यात बसवलं की १२ पॉइंटचा टाइप ७ पॉइंटच्याही खाली जातो. समास कापून ७.८ इंचांवर तोच ११ च्या आसपास राहतो. १०.३ इंचांवर पान जवळपास मूळ मापाचं दिसतं, पण यंत्र एका हातात धरून झोपून वाचणं कठीण. दिवाळी अंकांची मोठी, दोन रकान्यांची पानं असतील तर मात्र १०.३ च घ्या.

६ इंची आधीच घरात असेल तर के-टू-पीडीएफ-ऑप्ट (k2pdfopt) हे मोफत साधन वापरा. ते पानाचं चित्र शब्दाशब्दांत कापून अरुंद पडद्यासाठी पुन्हा मांडतं, त्यामुळे फॉन्ट कुठला याने फरक पडत नाही. कवितेच्या ओळी मात्र मोडतात. तिथे फक्त समास कापा आणि पडदा आडवा धरा.

मराठी ई-पुस्तकं विक्रेत्याच्याच ॲपमध्ये उघडणारी असतील, तर किंडलचा उपयोग नाही. अँड्रॉइडवर चालणारं ई-इंक यंत्र लागेल. त्याची बॅटरी लवकर उतरते, आणि स्क्रोल केलं की मागच्या मजकुराची छाया राहते. ॲपमध्ये आवाजाच्या बटणाने पान उलटायची सोय आहे का, ते पाहून घ्या.

रंगीत पडदा कादंबऱ्यांसाठी नको. कॅलिडो ३ या रंगीत ई-इंक पडद्यात काळा मजकूर ३०० पीपीआय (दर इंचाला इतके ठिपके) असतो, रंग १५० च, आणि रंगाच्या थरामुळे पार्श्वभूमी करडी दिसते.

एक राहिलं: युनिकोड ई-पब (अक्षर लहानमोठं करता येणारी ई-पुस्तकाची फाइल) वाचताना ॲप परवानगी देत असेल तर टिरो देवनागरी मराठी हा मोफत फॉन्ट टाका. ल आणि श आपल्या वळणाचे दिसतात.