डीव्हीडी नाही, ड्राइव्ह बंद, तरी विंडोज ७ टाकलं (त्या ‘ड्रायव्हर नाही’वाल्या मेसेजसकट)

ज्यासाठी लिहायला बसलोय ते आधी सांगून टाकतो. विंडोज ७ पेनड्राइव्हवरून टाकताय आणि लॅपटॉपला एक निळा यूएसबी पोर्ट, एक काळा असं असेल, तर पेनड्राइव्ह काळ्यात घाला. बस. एवढं एक वाक्य कुणी आधी सांगितलं असतं तर माझा अख्खा रविवार वाचला असता.

लॅपटॉप काकांचा, कराडचा, २०१२ च्या आसपास घेतलेला. काका अजून पेजमेकरवर लग्नपत्रिका आणि पतसंस्थांचे अहवाल करतात, मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर जुनं डोंगलवालं (लायसनची ती चावी पोर्टात लावली तरच चालणारं), आणि त्या डोंगलचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला ते ओळखायला लागणारं छोटं सॉफ्टवेअर, जुन्या विंडोजचाच, तोही फक्त ३२ बिटचा. त्यामुळे ‘विंडोज १० टाक की सरळ’ म्हणणाऱ्यांना लांबून नमस्कार. तर तो लॅपटॉप चालू होता होता निळा स्क्रीन देऊन परत बंद पडायला लागला. एका दुकानात दाखवला, तो म्हणे फॉरमॅट मारून सगळं टाकून देतो, ऑफिस पण, अँटिव्हायरस पण, आणि लायसनचं विचारलं तर नुसता हसला. अहो पण लॅपटॉपच्या पोटाला ओरिजनल स्टिकर आहे, २५ अक्षरांची प्रॉडक्ट की नीट वाचता येतेय, मग चोरीचं कशाला घालायचं? (तुमच्याकडे असं स्टिकर असेल तर आजच फोटो काढून ठेवा, कधी बॅटरीच्या खाली असतं, घासून घासून पुसट होतं.)

कंपनीचं रिकव्हरी पार्टिशन (विंडोज परत टाकायला डिस्कवर ठेवलेला वेगळा भाग) असतं तर हे काही करावंच लागलं नसतं, पण ते कुणीतरी कधीतरी डी ड्राइव्ह मोठा करायला उडवलेलं. मायक्रोसॉफ्ट आता ७ देत नाही, सपोर्टच १४ जानेवारी २०२० ला संपला. एका मित्राकडे ओरिजनल डीव्हीडी निघाली, प्रोफेशनल ३२ बिट, स्टिकरवरही प्रोफेशनलच, आणि हे जुळायलाच लागतं नाहीतर प्रॉडक्ट की घेत नाही. काकांच्या लॅपटॉपचा डीव्हीडी ड्राइव्ह मेलेला, म्हणून मित्राच्या डेस्कटॉपवर तिची आयएसओ फाइल केली, म्हणजे अख्खी डीव्हीडी जशीच्या तशी एका फाइलीत, अडीच जीबीच्या आत बसते, म्हणजे ४ जीबीचा जुना पेनड्राइव्हसुद्धा पुरतो. ऑफिसच्या लॅपटॉपला पेनड्राइव्ह ब्लॉक, म्हणून बहिणीच्या लॅपटॉपवर रुफस घेतलं (आयएसओवरून इन्स्टॉलचा पेनड्राइव्ह बनवणारं सॉफ्टवेअर), पार्टिशन स्कीम एमबीआर, टार्गेट बायोस (विंडोजच्या आधी उठणारं लॅपटॉपचं मूळ सॉफ्टवेअर), स्टार्ट. इथपर्यंत लोणी.

लॅपटॉप चालू करताना एफ १२ दाबून पेनड्राइव्ह निवडला (एचपीला एस्केप किंवा एफ ९ असतं), फाइली लोड झाल्या, विंडोजचा लोगो आला, भाषा विचारली, इन्स्टॉल नाऊ दाबलं आणि समोर पाटी: सीडी-डीव्हीडीचा आवश्यक ड्रायव्हर सापडत नाही, ड्रायव्हरची फ्लॉपी, सीडी, डीव्हीडी किंवा पेनड्राइव्ह असेल तर घाला.

अरे, डीव्हीडी आहे कुठे? तुला मी पेनड्राइव्हवरून उठवलंय, तू आत्ता त्याच्यावरूनच माझ्याशी बोलतोयस!

काका मागून वाचत होते. म्हणाले, “फ्लॉपी मागतोय व्हय? मग घाल की. माळ्यावर डबाभर हायत.”

मेसेज डीव्हीडीचं नाव घेतो म्हणून मी डीव्हीडीचा ड्रायव्हर शोधत बसलो. कंपनीच्या साइटवर असा काही प्रकारच नसतो, कारण डीव्हीडीला लागणारा ड्रायव्हर विंडोजमध्ये मुळातच असतो. मग चिपसेटचा घेतला, साटाचा (हार्डडिस्कच्या जोडणीचा) घेतला, पेनड्राइव्हवर टाकले, ब्राउझ करून बघतो तर यादीत सी, डी आणि एक्स, पेनड्राइव्ह गायब. तो एक्स म्हणजे सेटअपने रॅममध्ये उघडलेली स्वतःची तात्पुरती डिस्क, तिथे आपलं काही नसतं. बायोसमध्ये जाऊन साटाचा मोड बदलून बघितला, जैसे थे. मोबाइलवर शोधावं तर एक म्हणतो आयएसओ खराब, दुसरा म्हणतो पेनड्राइव्ह बदला, तिसरा म्हणतो कमी स्पीडने डीव्हीडी बर्न करा. ड्राइव्ह मेलाय रे बाबा, म्हणून तर हा खटाटोप!

कळलं ते पेनड्राइव्हच्या लाइटवरून. लोगो येईपर्यंत तो भराभर लुकलुकायचा, आणि सेटअपची खिडकी उघडली की पार विझायचा. माउस मात्र मस्त चालत होता, आणि तो होता काळ्या पोर्टात. माउस काढून निळ्यात लावला तर माउस पण ठार. तेव्हा ट्यूब पेटली.

भानगड अशी की निळा पोर्ट म्हणजे यूएसबी ३, आणि विंडोज ७ आलं २००९ ला, त्यात यूएसबी ३ चा ड्रायव्हरच नाही. सुरुवातीला पेनड्राइव्ह वाचतं ते बायोस, त्याला पोर्ट ओळखता येतो. एकदा सेटअपने कारभार हातात घेतला की तो ज्या पेनड्राइव्हवरून आला तोच त्याला दिसेनासा होतो, मग तो धरून चालतो की आपण डीव्हीडीवरूनच आलो असणार, आणि तिचा ड्रायव्हर मागत बसतो. ‘पेनड्राइव्ह दिसत नाही’ एवढं लिहायला काय जात होतं यांचं?

रीस्टार्टही लागत नाही. कॅन्सल करून पहिल्या पानावर या, पेनड्राइव्ह काळ्यात घाला, परत इन्स्टॉल नाऊ. सुटला सुसाट. सगळेच पोर्ट निळे असतील तर बायोसमध्ये यूएसबी ३ किंवा एक्सएचसीआय नावाचं सेटिंग मिळतंय का बघा, ते बंद केलं की तेच पोर्ट यूएसबी २ सारखे चालतात. पण इंटेलच्या सहाव्या पिढीपासून, म्हणजे २०१५ नंतरच्या मशिनांत, ही सोय गेली, तिथे आयएसओमध्येच यूएसबी ३ चे ड्रायव्हर घालावे लागतात.

पुढचं अर्ध्या तासात झालं. पहिल्यांदा रीस्टार्ट होताना ‘कुठलंही बटण दाबा’ म्हणतो, दाबू नका, नाहीतर पहिल्यापासून सुरू. आणि वायफाय लगेच चालेल असं समजू नका, निदान लॅनचा (केबलवाल्या नेटचा) ड्रायव्हर आधीच दुसऱ्या पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा, तोही काळ्यातच लावायचा, कारण निळा पोर्ट त्याचा ड्रायव्हर टाकेपर्यंत मेलेलाच असतो.

एक आधी सांगायचं राहिलं आणि मराठी माणसासाठी तेच महत्त्वाचं. सी ड्राइव्ह निवडताना मी फॉरमॅट दाबलं नाही. जागा असेल तर तसंच पुढे जा, जुनं सगळं विंडोज डॉट ओल्ड नावाच्या फोल्डरमध्ये जाऊन बसतं, आणि त्यातल्या विंडोजमधल्या फॉन्ट्स फोल्डरात जुने मराठी फॉन्ट शाबूत सापडतात. हे युनिकोडच्या आधीचे फॉन्ट, ते गेले की काकांचे वीस वर्षांचे अहवाल उघडल्यावर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा दिसला असता. डेटाची कॉपी सगळे घेतात, फॉन्ट कुणी घेत नाही. (डिस्कचीच शंका असेल तर आधी लिनक्स मिंटच्या पेनड्राइव्हवरून लॅपटॉप चालू करून सगळं बाहेर काढा, इन्स्टॉल न करता चालतं ते.)

आता त्या लॅपटॉपला नेट अजिबात नाही, फाइली पेनड्राइव्हने ये-जा करतात. सगळं बसल्यावर बॅकअप अँड रिस्टोरमधून पूर्ण सिस्टिमची इमेज बाहेरच्या हार्डडिस्कवर घेतलीय. विंडोज ७ रिपेअर डिस्क करायला परत सीडीच मागतं, तिकडे जाऊच नका, आपला हाच पेनड्राइव्ह लावून रिपेअर युअर कॉम्प्युटर दाबलं की ती इमेज परत चढवता येते.