आमची वाटचाल: कागदावर दोन, जमिनीखाली एक

आम्ही तिघांनी कंपनी काढली तेव्हा जवळ एक भाड्याची खोली, दोन संगणक आणि नको इतका आत्मविश्वास होता. विमानतळाच्या यंत्रणा किती भरवशाच्या आहेत, हे नेटवर्क थिअरीने तपासून द्यायचं असं ठरलं होतं. वीज, धावपट्टीचे दिवे, सामानाचे पट्टे, चेक-इनचे संगणक, सगळं ठिपक्या-रेषांत मांडायचं. मग एकेक ठिपका पुसून बघायचं, त्याच्यामागे काय काय बंद पडतं.

हिशेब सोपा वाटतो. एकामागोमाग दहा यंत्रं, प्रत्येक 99 टक्के भरवशाचं, तर अख्खी साखळी जेमतेम 90 टक्के. त्यातल्या एकाला जोडीदार द्या, त्या जोडीचा भरवसा 99.99 वर जातो. अट एवढीच, की एकाच्या बिघाडाचा दुसऱ्याशी संबंध नको. ही अट आम्हाला तोंडपाठ होती, कळलेली नव्हती.

सुरुवातीचे अहवाल आठवले की आजही ओशाळायला होतं. प्रत्येक सादरीकरण अल्बर्ट, जिआँग आणि बाराबाशी या जाळ्यांच्या अभ्यासकांच्या 2000 सालच्या शोधनिबंधाने सुरू व्हायचं: इंटरनेटसारखं जाळं कुठेही होणारे बिघाड पचवतं, पण खूप रेषा जोडलेले मोजके मोठे ठिपके काढले की कोलमडतं. निबंध उत्तमच आहे. पण एका विमानतळाच्या आत असे मोठे ठिपके कोणते, हे तिथल्या माणसांना आधीच ठाऊक असतं. एका व्यवस्थापकांनी शांतपणे विचारलं, "मेन पॅनल महत्त्वाचं आहे, हे सांगायला तुम्ही आलात?"

खरा धडा वीजपुरवठ्याच्या एका कामात मिळाला. नकाशात टर्मिनलला दोन फीडर, म्हणजे वीज आणणाऱ्या मुख्य केबली होत्या, दोन वेगळ्या रेषा. 'एकाच ठिकाणच्या बिघाडाने अंधार होणार नाही' असं आम्ही लिहून दिलं. नंतर एकदा रात्रपाळीच्या इलेक्ट्रिशियनने मला बाहेर नेऊन जमिनीखालच्या एका केबल-चेंबरचं झाकण उचललं आणि आत बॅटरी मारली. तळाला घोटाभर पाणी आणि एकाच ब्रॅकेटला बांधलेल्या दोन जाड केबली. "साहेब, हे तुमचे दोन रस्ते."

अहवाल परत घेतला, माफी मागितली, काम पुन्हा फुकट केलं. पुढचे काही महिने पगाराची ओढाताण झाली. पण तेव्हापासून डक्ट (केबलींची नळी), चेंबर, बॅटरीची खोली, तिचा एसी, सगळ्याला आमच्या जाळ्यात ठिपका मिळाला. गणितज्ञ मेंगरचं 1927 सालचं प्रमेय सांगतं, की दोन टोकांमध्ये जितके स्वतंत्र मार्ग, तितकेच ठिपके त्यांना तोडायला कमीत कमी लागतात. आधी उत्तर दोन यायचं. चेंबर घातल्यावर एक आलं.

17 डिसेंबर 2017 ला अमेरिकेतल्या अटलांटा विमानतळावर हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. भुयारात आग लागली, पर्यायी केबलही जवळच होती, सुमारे 11 तास वीज नव्हती आणि हजारावर उड्डाणं रद्द झाली. त्यानंतर बैठकीत आम्हाला फार समजावावं लागलं नाही.

लंडनच्या हीथ्रो विमानतळाने मात्र आम्हालाच शिकवलं. 20 मार्च 2025 च्या रात्री बाहेरच्या एका सबस्टेशनला आग लागली. विमानतळाला पुरवठ्याच्या तीन जागा होत्या, म्हणजे जाळ्यात मार्ग शिल्लक होता. पण आतल्या जोडण्या फिरवून यंत्रणा पुन्हा उभ्या करण्यात कित्येक तास गेले आणि विमानतळ दुसऱ्या दिवसाचा बराचसा भाग बंद राहिला. म्हणून आता प्रत्येक रेषेवर आम्ही वेळही लिहितो. दाट धुक्यात विमान उतरताना धावपट्टीच्या मध्यरेषेचे दिवे एका सेकंदाच्या आत पर्यायी विजेवर यावे लागतात. चालत जाऊन कोणी स्विच फिरवणार असेल, तर त्या दिव्यांसाठी ती रेषाच नाही.

दिव्यांवरून आठवलं. ते एकाआड एक वेगवेगळ्या सर्किटवर जोडतात. एक सर्किट गेलं तरी उरलेले दिवे रांग दाखवत राहतात. ही युक्ती ज्यांनी काढली, त्यांना आमच्या अहवालाची गरज पडली नसती.

आज आम्ही नऊ जण आहोत. त्यातल्या दोन इलेक्ट्रिशियननी नेटवर्क थिअरीचं एक पानही वाचलेलं नाही. कामाचा पहिला आठवडा संगणक उघडायचा नाही, नुसतं फिरायचं. सध्याच्या कामात जनरेटरच्या दोन वेगळ्या खोल्या आहेत, डिझेलच्या टाक्याही दोन. दोन्ही खोल्यांच्या चाव्या एकाच जुडग्यात. तो जुडगा आम्ही लाल ठिपक्याने दाखवलाय. बैठक सोमवारी आहे.