जाळावर चालणाऱ्या फ्रीजचा गंज

आमची घरगाडी म्हणजे जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये बसवलेला संसार. बामणोलीला शिवसागराच्या काठी मुक्काम टाकायचा, हीच तिची चैन. गेला पावसाळाभर ती साताऱ्यात दारात उभी होती. सप्टेंबरअखेर कासची फुलं बघायला निघायचं म्हणून गॅसवरचा फ्रीज पेटवला, तर रात्र सरली तरी दूध कोमटच.

ओळखीच्या फ्रीजवाल्या दादांनी मागं वाकून पाहिलं. "आवो, कॉम्प्रेसर कुठाय? गॅस भरावा लागंल." कॉम्प्रेसर नसतोच त्यात. बर्नरची ज्योत अमोनिया आणि पाण्याचं मिश्रण तापवते, वाफ वर चढते, गार होऊन तिचा द्रव होतो, आणि तो हायड्रोजनच्या संगतीत पुन्हा उडताना थंडावा देतो. सगळं सीलबंद, भरायचं काही नाही. जाळ लावून बर्फ कसा होतो, हे आईला अजून पटत नाही.

फ्रीजच्या मागची, गाडीच्या बाहेरून उघडणारी झडप उघडली. ज्योत निळी हवी, ती पिवळी नि फडफडत होती. सिलिंडर बंद करून सगळं गार होऊ दिलं. बर्नरवरच्या उभ्या धुराड्यात पावसाची ओल शिरून गंजाचे पोपडे सुटले होते, ते थेट बर्नरवर पडलेले. वर कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलेलं! धुराड्यातली पत्र्याची पिळदार पट्टी वर ओढून काढली, बर्नर आधी सोडवून बाजूला ठेवला आणि लांब दांड्याचा ब्रश वरखाली फिरवला. मूठभर गंज निघाला. जेट, म्हणजे बर्नरला गॅस सोडणारी बारीक भोकाची तोटी, मात्र तारेनं टोचला नाही. भोक जरा मोठं झालं की ज्योतीचं गणितच बिघडतं. स्पिरिटमध्ये बुडवून हवेनं फुंकला. जोडताना प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहिलं.

खरी धास्ती नळ्यांची होती. त्या पोलादी असतात, आतून गंजू नयेत म्हणून द्रावणात सोडियम क्रोमेट घातलेलं असतं. बाहेर पिवळी भुकटी दिसली किंवा अमोनियाचा झणका आला, तर नळी फुटली समजा. मग हात न लावता लांब व्हायचं. ते विषारी आहे. आमच्या नळ्यांवर नुसता वरवरचा तांबूसपणा होता, कोरड्या फडक्यानं पुसला. झडपेची चौकट आणि खालचा पत्रा पॉलिश पेपरनं घासून रेड ऑक्साइड मारला. धुराड्याला रंग नाही.

गाडी गवंड्याच्या पाणसळीनं सपाट केली. सगळा द्रव उतारानंच वाहतो, त्यामुळे कललेल्या गाडीत हा फ्रीज रुसतो.

यंदा जूनपासून झडपेला बारीक जाळी आहे, फ्रीजचं दार किंचित उघडं असतं, आणि पंधरवड्यातून एकदा दार लावून तासभर फ्रीज पेटवतो, म्हणजे धुराडं सुकतं.

त्या दिवशी दुपारी ट्रेमध्ये बर्फ धरला. आईनं एक खडा हातात घेतला आणि आधी मागं जाऊन जाळ पाहून आली.